खातेदाराचा होकार

एक नोंद घालायची आणि तीच नोंद काढायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. घातली तेवढीच काढायची, म्हणजे जगाच्या जमाखर्चात काडीचाही फरक पडायला नको. पण ज्या गोष्टींनी काडीचा फरक पडायला नको असतो, नेमक्या त्याच गोष्टी माणसाला शनिवारी दुपारी पंख्याखाली घाम फोडतात.

लग्न होऊन तिला दीड महिना झाला होता. घरखर्चाचे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत ती माहिती लिहायचं काम करायची. कुठलं बटण काय करतं, हे आपण सोप्या भाषेत लिहायचं आणि लोकांनी ते जन्मात वाचायचं नाही, असा हा व्यवसाय. (सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "म्हणजे मिक्सरबरोबर पुस्तक येतं तसलं?" ती म्हणाली, "हो." "ते मी फ्रिजच्या पायाखाली घातलंय. फ्रिज डुगडुगायचा." त्यावरही ती "हो" म्हणाली. नव्या घरात तिचा शब्दसंग्रह एवढाच होता.)

या खेपेला मात्र तिला खरोखरीचे वाचक मिळाले होते. ती माणसं नव्हती, एआय एजंट होते. "कालचा वीजबिलाचा खर्च दोनदा पडलाय, एक काढ" असं कुणी आपल्या फोनला म्हणालं, की फोनमधला एजंट नोंद काढण्याचं एक टूल वापरणार होता. ते टूल काय करतं, कधी वापरावं, कधी हात लावू नये, हे सगळं तिनं लिहायचं होतं, आणि एजंट त्यातला शब्द न् शब्द वाचून तसाच वागणार होता. आपलं लिहिलेलं कुणी मनापासून वाचणार, या कल्पनेनं तिला आधी आनंद झाला आणि मग तिनं पहिलं वाक्य चारदा पुसून लिहिलं.

टूल बनवणाऱ्या इंजिनिअरला ऑफिसात सगळे थंडोबा म्हणत. सर्व्हर जळत असला तरी हा आधी चहाचा घोट घेणार. त्यानं तिला समजावलं होतं, "एजंट म्हणजे घरात नवीन आलेलं माणूस समज. हुशार, उत्साही, सगळ्यांना खूश ठेवायची धडपड. पण कुठली वस्तू कुणाची आणि कशाला हात लावला की घर पेटतं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस."

तिला वाटलं, हा मनुष्य आपल्या सासरी येऊन गेलाय की काय! लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं कान तुटलेला एक कप उत्साहानं कचऱ्यात टाकला होता. तो सासऱ्यांचा पेन्सिली ठेवायचा कप निघाला. सासरे फक्त "हं" म्हणाले होते. तो "हं" अजून तिच्या कानात होता. रात्री पाण्याचा पंप बंद पडला की घर शांत होई, आणि त्या शांततेत तिला तो पुन्हा ऐकू येई.

"आणि हे लिही," थंडोबा पुढे म्हणाला होता, "काढलेली नोंद कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही. ठळक अक्षरात."

"कोणत्याही परिस्थितीत?"

"लिही तू. भीती असली म्हणजे सांभाळून वागतात."

तिनं ठळक अक्षरात लिहिलं. मग एका ओळीपाशी अडली. नोंदीचा क्रमांक दिलाच नाही, तर टूल काय करतं? तिनं तिथं कंस करून "थंडोबाला विचारणे" असं लिहून ठेवलं आणि पुढे गेली. कंपनीतल्या नकली खात्यांवर टूल चालवून बघायचा तिला कंटाळा आला होता. त्या खात्यातली नकली माणसं रोज त्याच दुकानातून तोच ब्रश विकत घ्यायची. जिवंत माणसांच्या खात्यावर एकदाच, फक्त एकदाच बघू, असं तिच्या मनात आलं.

आणि जिवंत खातं घरातच होतं.

सासरे निवृत्त ऑडिटर. उभा जन्म दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर चुका काढायला घरच काय ते उरलं. मुलानं त्यांना हे सॉफ्टवेअर आणून दिलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. मग बोलून नोंद करता येते हे कळलं, आणि स्वारी खूश झाली. हाताखाली माणूस असण्याची सवय होतीच. फोनमधल्या एजंटला ते "कारकून" म्हणत, जरी त्याचा आवाज एका मृदू, सुशिक्षित बाईचा होता. "कारकून, लिहून घे," म्हणत आणि प्रत्येक खर्चाखाली शेरा देत. जुनी नोंदवह्यांमधली वर्षंही त्यांनी बोलून बोलून आत घातली होती. त्यामुळे त्या खात्यात या कुटुंबाचा सगळा संसार होता, शेऱ्यांसकट. *छत्री. जुन्या छत्रीची काडी मोडली होती, छत्री नव्हे.* *दंतवैद्य. दात एक काढला, बडबड बत्तीस दातांची.* *मुलाचे बूट. पाय वाढतो आहे. बाकीचंही वाढो.*

आणि आज संध्याकाळी त्या खात्याची वार्षिक सभा होती. दरवर्षी सासरे टीव्हीला फोन जोडत आणि वर्षाचा हिशेब कुटुंबाला वाचून दाखवत. हजेरी सक्तीची. यंदा त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं, "या सभेत एक घोषणा होईल." मग तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघून म्हणाले होते, "पुढच्या वर्षापासून हिशेब सूनबाई बघेल."

बाकीच्या मुलींना सासरी दागिने मिळतात, तिला लॉगिन मिळालं होतं. पण त्यामागचा विश्वास तिला कळत होता. या घरात तिच्याजवळ स्वतःचं असं एकच भांडवल होतं, नवऱ्यानं लग्नाआधी सांगितलेलं. "तुला सांगतो, बाबांनी तुझ्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. एक! छत्री घेतली तर तीन दिवस चौकशी चालते आमच्याकडे. तुझं नाव निघालं आणि त्यांनी तिथल्या तिथं होकार दिला." कप फेकल्याच्या दिवशी ती हे वाक्य मनात जपमाळेसारखं ओढत बसली होती. मला त्यांनी पसंत केलंय. एका क्षणात. एक प्रश्न न विचारता.

तर शनिवारी दुपारी, आतल्या खोलीत, तिनं लॅपटॉपवरून त्या खात्यात एक नोंद घातली, "चाचणी." रक्कम शून्य. मग एजंटला लिहिलं, "ही आत्ताची नोंद काढून टाक."

पडद्यावर अक्षरं आली, *खातेदाराचा होकार घेत आहे.* वा, तिला वाटलं, आपण लिहिल्याप्रमाणे वागतोय की! शहाणं बाळ!

बाहेरच्या खोलीत खातेदार पेपरातलं शनिवारचं शब्दकोडं सोडवत बसले होते. शेजारी टेबलावर त्यांचा फोन. त्या फोनमधून मृदू आवाज आला, दारापलीकडून तिलाही स्पष्ट ऐकू आला:

"आपल्या खात्यातल्या सर्व नोंदी काढून टाकू का?"

सर्व?

ती खुर्चीतून उठली. पाय लॅपटॉपच्या वायरमध्ये अडकला. तोंड उघडलं, पण दीड महिना न वापरलेला आवाज वेळेवर थोडाच निघतोय!

"हो, हो," सासरे म्हणाले.

इथे या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर उभं आहे. सासरे शब्दकोड्यात असले की कुणाचंही ऐकत नसत, पण उत्तर मात्र सगळ्यांना देत. मागून बाईचा आवाज "करू का?" म्हणाला की "हो, हो." मुलाचा आवाज काहीही म्हणाला की "नाही." एवढ्या दोन उत्तरांवर त्यांनी आजवर संसार रेटला होता. कारकुनाचा आवाज बाईचा होता.

"सर्व नोंदी काढल्या आहेत. आणखी काही मदत हवी आहे का?"

"हो, हो."

"काय मदत करू?"

पेन्सिलीची खसखस.

तिनं लॅपटॉपकडे बघितलं. खातं उघडं होतं आणि घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख होतं. छत्री नाही, दात नाही, बूट नाहीत. मध्यभागी एक हसरं चित्र आणि खाली लिहिलेलं, *इथे अजून काहीच नाही!* कानांत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हातोड्यासारखा पडू लागला. संध्याकाळी टीव्हीवर हे हसरं चित्र येणार. सासरे ते बघणार. आणि मग म्हणणार, "हं."

तिनं मदतीसाठी कागदपत्रं उघडली. माणूस संकटात सापडला की माहिती-पुस्तिका वाचतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं. पुस्तिका तिनंच लिहिलेली होती. ठळक अक्षरात होतं, *काढलेली नोंद कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही.* वाक्यरचना निर्दोष होती. तिला रडू फुटलं.

नवरा आत आला तो टॉवेलनं डोकं पुसत. हा लिफ्टच्या दुरुस्तीचा इंजिनिअर. स्वभावानं प्रेमळ, आणि जगातल्या प्रत्येक बिघाडावर एकच इलाज जाणणारा. तिनं त्याला तुटक शब्दांत सांगितलं.

"सगळ्या?" तो म्हणाला.

"सगळ्या."

"माझे बूटपण?"

"अरे, बूट कपाटात आहेत. नोंद गेली."

"घाबरू नकोस," तो म्हणाला, पण त्याचा टॉवेल हातातून पडला. "बाबांना कळलं तर ते… थांब. बंद करून चालू करू."

"काय बंद करून?"

तो बाहेर जाऊन मेन स्विच खाली करूनही आला होता. पंखा थांबला. स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "कुणी केलं रे हे? माझं मिक्सरमध्ये अर्धवट राहिलंय!" स्विच वर झाला. राउटरचे दिवे एकेक करून, अगदी सावकाश, लागले. आणि बाहेरच्या खोलीत फोन नव्या उमेदीनं बोलला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं:

"नमस्कार! आपल्या खात्यात एकही नोंद नाही. पहिली नोंद करूया का?"

"हो, हो."

दोघं नवराबायको दाराच्या फटीतून बघत होते. पेपर हलला. पेपराच्या वरच्या कडेला चष्म्याची एक काच उगवली.

"काय म्हणतोय कारकून?"

"काही नाही बाबा, अपडेट आहे!" नवरा फटीतूनच म्हणाला.

"नाही," सासरे म्हणाले, आणि काच मावळली.

तिनं थंडोबाला फोन लावला. तो मुलाच्या पोहण्याच्या क्लासला बसला होता. मागे शिट्ट्या आणि पाण्याचे धपके ऐकू येत होते.

"क्रमांक नाही दिला?" तो म्हणाला. "मग सगळ्या जातात. लिहिलं असशील ना तू ते?"

"कंस केला होता," ती म्हणाली.

"बरं, मग आण परत. तीस दिवस आपण ठेवतो काढलेलं."

"परत येतात? मग मला 'कोणत्याही परिस्थितीत मिळत नाही' असं का लिहायला लावलंत?"

"एजंटनं घाबरावं म्हणून."

"एजंट घाबरला नाही."

"मग कोण घाबरलं?"

पलीकडे कुणीतरी पाण्यात उडी मारली. थंडोबानं तेवढ्यात चहाचा घोट घेतल्याचंही तिला ऐकू आलं.

"हे बघ," तो म्हणाला, "परत आणायला खातेदारानं स्वतःच्या आवाजात पूर्ण वाक्य बोलावं लागतं, 'मला माझ्या सगळ्या नोंदी परत हव्या आहेत.' नुसतं हो चालत नाही. तीन वेळा विचारतं. तीनदा चुकलं तर उद्या दुपारपर्यंत कुलूप."

"काढायला नुसता हो चालतो, आणि परत आणायला पूर्ण वाक्य?"

"परत आणण्यात धोका असतो," थंडोबा शांतपणे म्हणाला. "एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं काढलेलं नवऱ्यानं परत आणलं, केवढा तमाशा झाला. ए बाळा, नाक धर, नाक!" आणि फोन बंद झाला.

सभेला वेळ होता, पण भीतीला वेळेशी काय देणंघेणं? ती पोटात आधीच सभा भरवून बसली होती.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. "मी जातो. बाबांकडून वदवून घेतो. गप्पांच्या ओघात."

"ते तुला नाहीच म्हणतात."

"नेहमी नाही." त्यानं आठवून बघितलं. "तू सुरू कर."

तिनं लॅपटॉपवर परत आणण्याचं बटण दाबलं. बाहेर फोन म्हणाला, "आपल्याला नोंदी परत हव्या असल्यास पूर्ण वाक्य बोला." नवरा सोफ्याच्या हातावर टेकला, एक पाय हलवत, म्हणजे अगदी सहज.

"बाबा, समजा हं, समजा एखाद्या माणसाच्या सगळ्या नोंदी गेल्या. तर तो काय म्हणेल? 'मला माझ्या सगळ्या नोंदी…' पुढे काय बरं?"

"नाही," सासरे म्हणाले.

"नकार नोंदवला आहे," फोन म्हणाला. "दोन संधी शिल्लक."

नवरा परत आला तेव्हा त्याचा चेहरा दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्यासारखा झाला होता. "आईला पाठवू," तो कुजबुजला.

"आईंना सांगायचं नाही!"

"सांगायचं कशाला, नुसतं पाठवायचं." आणि तिनं धरायच्या आत तो स्वयंपाकघरात गेला. "आई, एक खेळ आहे. बाबांना जाऊन म्हण, 'तुम्हाला तुमच्या सगळ्या नोंदी परत हव्या आहेत, असं म्हणा बघू.'"

सासूबाईंनी हात पुसले. मुलाकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या सुनेच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे बघितलं. त्यांची नजर साधीच होती, पण ती नजर एकदा फिरली की मिठाच्या बरणीत साखर कुणी टाकली, तेसुद्धा त्यांना कळे. काही न बोलता त्या बाहेर गेल्या.

"अहो, तुम्हाला तुमच्या सगळ्या नोंदी परत हव्या आहेत, असं म्हणा बघू."

"हो, हो."

"पूर्ण वाक्य ऐकू आलं नाही," फोन म्हणाला. "शेवटची संधी शिल्लक."

सासूबाईंनी फोनकडे बघितलं. "ही बया काय म्हणतेय?"

"खेळ आहे, आई," नवरा केविलवाणा म्हणाला.

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. मिक्सर मात्र पुन्हा सुरू झाला नाही. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिची भीती आणखी एक पायरी चढली.

आता एकच माणूस उरलं होतं. आणि तिथंच खरी गोम होती. बायकोला न ऐकता हो, मुलाला न ऐकता नाही, पण सून बोलली की सासरे पेपराची घडी घालत, चष्मा काढत आणि ऐकत. ती इतकं कमी बोलायची, की तिचं बोलणं त्यांना बहुधा महत्त्वाच्या कागदासारखं वाटत असावं. तिच्याबाबतीत "हो, हो" नव्हतं. तिला खरं सांगावं लागणार होतं, आणि ते खरंच ऐकलं जाणार होतं. याहून भयंकर काही तिला सुचेना.

ती बाहेर गेली. खोली अकरा पावलांची, पण जमीन जणू ओल्या साबणाची झाली होती.

"बाबा."

पेपराची घडी झाली. चष्मा निघाला. दोन मोकळे, मिचमिचे डोळे तिच्याकडे लागले. नवरा दारामागे श्वास रोखून उभा होता, त्याचा टॉवेल मात्र बाहेर दिसत होता.

तिनं सांगितलं. चाचणी, कंस, क्रमांक, सगळं. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. दीड महिन्याचा साठा होता. कपाचंही सांगून टाकलं, की तो पेन्सिलींचा आहे हे तिला खरंच माहीत नव्हतं. सांगून झालं तेव्हा तिच्या ओठांवर घाम होता.

सासऱ्यांनी हातातला चष्मा पुसला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"छत्री?"

"छत्रीसुद्धा."

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली, अगदी सरळ, कडेला समांतर. ऑडिटरचा आवाज आला, तो आवाज ऐकून एकेकाळी लेखापालांची कार्यालयं म्हणे पाणी प्यायला उठत. "एवढ्या मोठ्या व्यवहाराला मंजुरी कुणी दिली?"

तिनं डोळे मिटले. "तुम्ही, बाबा."

"मी?"

"कारकुनानं विचारलं. तुम्ही 'हो, हो' म्हणालात."

तिनं डोळे उघडले, ते 'हं' ऐकायच्या तयारीनं. पण सासऱ्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. ते पुढे वाकले आणि इतक्या हळू बोलले, की तिलाही वाकावं लागलं.

"मी न ऐकता हो म्हणतो… हे तुझ्या सासूला कळलंय?"

"नाही, बाबा."

"कळता कामा नये." त्यांनी कपाळ पुसलं. "आजवर कळू दिलं नाही. कळलं तर माझा एकेक होकार उकरून काढला जाईल, सूनबाई. एकेक! आणि मी कशाकशाला हो म्हटलंय, मला ठाऊक नाही."

भीती अशी चमत्कारिक गोष्ट आहे, की समोरच्याची आपल्याहून मोठी दिसली की आपली एकदम हलकी होते. ती शेजारच्या खुर्चीत बसली. दीड महिन्यात पहिल्यांदा, न विचारता.

"मग वाक्य बोलता ना, बाबा? हळू बोललात तर कारकुनाला ऐकू जाणार नाही. शेवटची संधी आहे."

तिनं आत वळून मान हलवली, दारामागच्या टॉवेलनं बटण दाबलं. फोन म्हणाला, "पूर्ण वाक्य बोला." सासऱ्यांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि न्यायालयात शपथ घ्यावी तसे खणखणीत आवाजात म्हणाले:

"मला माझ्या सगळ्या नोंदी परत हव्या आहेत!"

घड्याळ वाजत राहिलं. फोन विचार करत राहिला. तिनं खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती, की बोटांना पांढरं पडायलाही जागा नव्हती.

"होकार मिळाला. नोंदी परत आणल्या आहेत. कृपया लक्षात ठेवा, तीस दिवसांच्या आतच बदल मागे घेता येतो. त्यानंतर कोणत्याही परिस्थितीत नाही."

"कोणत्या नोंदी?" स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या, देव जाणे. हातात चहाचा ट्रे होता आणि कपांतल्या चहावर साय धरली होती.

"अपडेट!" सासरे आणि सून एकदमच म्हणाले.

सभा थाटात झाली. छत्री आली, दात आला, बूट आले, एकेका शेऱ्यासकट. शेवटी टीव्हीवर तिची "चाचणी" आली. तीही बाकीच्यांबरोबर परत आली होती, आणि तिच्याखाली आता ताजा शेरा होता: *सर्व नापास. सूनबाई काठावर उत्तीर्ण.* नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी घोषणा केली, हिशेब तिच्याकडे सोपवला आणि कृतकृत्य होऊन पेपर उघडला. कोड्यातला उभा सातवा अजून राहिला होता.

दिवसभराच्या भीतीनंतर आलेली सुटका दारूसारखी असते म्हणतात. ती थोडी झिंगली. आपण या घरच्या आहोत, असं तिला एकदम वाटलं, आणि त्या भरात, चौघांच्या सभेत, ती आपणहून बोलली.

"आई, गंमत बघा ना. बाबा छत्रीलासुद्धा एवढे प्रश्न विचारतात. पण माझ्या वेळी एकही विचारला नाही. लगेच हो म्हणाले!"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. मग सगळं अंग हलायला लागलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "तेव्हा ते शब्दकोडं सोडवत होते. मी मागून म्हटलं, 'पोरगा म्हणतोय हीच मुलगी हवी, उरकून टाकू का?' मला माहीत होतं ना, शनिवारीच विचारायचं ते! या घरातला हा सोफा, तो फ्रिज, गच्चीवरची खोली, सगळं मी शनिवारी विचारून केलंय."

जपमाळेचा एकुलता एक मणी तुटून सोफ्याखाली गेला होता.

"म्हणजे त्यांनी… ऐकलंच नव्हतं?"

"त्यांना लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळलं. म्हणाले, 'कुणाचं लग्न?'" सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस गं. त्या बयेनं सांगितलं ना मघाशी, तीस दिवसांनंतर कोणत्याही परिस्थितीत परत करता येत नाही म्हणून? तुला दीड महिना झालाय." मग पेपराकडे वळून, "काय हो, ठेवून घेऊ ना हिला?"

तिनं श्वास रोखला. नवऱ्यानं रोखला. पेपराच्या कडेवर काचही उगवली नाही.

"हो, हो," पेपराआडून आवाज आला.